चुकीचा धनी

डिसेंबर उजाडला की आमच्या विभागातल्या मुलांचे बूट बदलतात. नोव्हेंबरपर्यंत पायांत मातीने माखलेले फील्डचे बूट असतात, पाठीवरच्या पिशवीत हातोडी, ब्रंटन कंपास आणि भिंग असते. मग एका सोमवारी सगळेजण पॉलिश केलेल्या काळ्या बुटांत आणि उसन्या टायमध्ये दिसतात, आणि 'स्वतःविषयी थोडक्यात सांगा'ची तालीम करत व्हरांड्यात फिरतात. गेली चौदा वर्षे मी दक्षिणेतल्या एका विद्यापीठात भूविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गाला भूजलशास्त्र शिकवतो आहे. आमच्या माहितीपत्रकावर लिहिलेले असते की हा अभ्यासक्रम 'ऊर्जा आणि पर्यावरण या क्षेत्रांतील व्यवसायासाठी' आहे. मधल्या त्या 'आणि'पाशी मी दरवर्षी अडखळतो. मुले अडखळत नाहीत. त्यांना नोकरी हवी असते, आणि ती हवी असण्यात काही गैर नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात एक विद्यार्थिनी माझ्या खोलीत आली. मुलगी झरियाकडची, वडील कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले. तिच्या हातात दोन नेमणुका होत्या, एक कोळसा खाणीच्या कंपनीची आणि दुसरी पर्यावरण सल्लागार संस्थेची. पगारात थोडाच फरक. तिने सरळ विचारले, "सर, यातली बरोबर कोणती?" 'चांगली कोणती' असे विचारले असते तर मी पगार, बदल्या, घरभाडे भत्ता असे काहीबाही बोललो असतो. तिने 'बरोबर' म्हटले होते. मी चहा मागवला, दोन्हींचे फायदे-तोटे सांगितले आणि शेवटी, "तुझा निर्णय तूच घे," असे म्हणून मोकळा झालो. शिक्षकाला हे वाक्य फार सोयीचे असते. तिला द्यायचे राहून गेलेले उत्तर या लेखात शोधतो आहे.

माझे गाव पाटण तालुक्यात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला तेव्हा मी जन्मलो नव्हतो, पण आमच्या घरात काळ मोजायची पद्धत 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपानंतर' अशीच होती. त्या रात्री दीडशेहून अधिक माणसे गेली. तोवर दख्खनचे पठार म्हणजे हलत-डुलत नाही अशी भूमी, असा तज्ज्ञांचा समज होता. धरणाचा जलाशय भरू लागल्यावर बारीक धक्के बसू लागले होते, आणि पुढे जगभरच्या शास्त्रज्ञांनी जलाशयामुळे चाळवलेल्या भूकंपांचे ठळक उदाहरण म्हणून कोयनेचे नाव घेतले. आई सांगायची, "शिकलेली माणसं आली, खडक बघून गेली, आपण भिंती लिंपत बसलो." लहानपणी मला त्या शिकलेल्या माणसांचा हेवा वाटायचा. खडक बघून कळते म्हणजे काय कळते, हे शिकायला म्हणून मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला धनबादला गेलो.

लंडनच्या खाणविद्यालयाच्या धर्तीवर १९२६ साली निघालेली ती संस्था आज आयआयटी झाली आहे. आमच्या वेळी तिचे नाव इंडियन स्कूल ऑफ माइन्स होते आणि सगळे नुसते 'आयएसएम' म्हणत. उपयोजित भूविज्ञानाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम. स्फटिकशास्त्रापासून पेट्रोलियमपर्यंत आणि भूजलापासून खाणकामापर्यंत सगळे त्यात होते. पण खरे शिक्षण संस्थेच्या कुंपणाबाहेर, थोड्या अंतरावर होते. झरियाच्या कोळशाला आग लागल्याची नोंद १९१६ पासूनची आहे. आम्ही गेलो तेव्हाही ती धुमसत होती आणि आजही धुमसते आहे. रात्री उघड्या खाणीच्या कडेला लाल रेघा दिसत. जमिनीतल्या भेगांतून वाफ येई, गंधकाचा वास घशात बसे, आणि त्या भेगेपासून दहा पावलांवर कुणाचे तरी घर असे आणि दोरीवर कपडे वाळत असत. आमचे एक सर तिथे उभे राहून दामोदर खोऱ्यातल्या बराकर थरांविषयी सांगत. सुमारे अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीचे हिमयुग सरल्यानंतरच्या दलदली, त्यांत गाडली गेलेली जंगले, त्यावर साचलेली वाळू. आम्ही वहीत उतरवून घेत होतो. दोरीवरचे कपडे कुणीच वहीत उतरवले नाहीत, मीही नाही.

चासनाळ्यालाही एकदा नेले होते. २७ डिसेंबर १९७५ रोजी जुन्या खाणकामात साठलेले पाणी तिथल्या खाणीत घुसले आणि पावणेचारशेच्या आसपास माणसे आत राहिली. नकाशावर दोन खाणकामांमधला खडक ही एक पट्टी असते. तिची जाडी बोटभर चुकली तर काय होते, हे आम्हाला स्मारकापाशी उभे करून सांगितले गेले. नंतर परीक्षेत त्यावर प्रश्न आला, तो पाच गुणांचा होता.

एवढ्या अभ्यासक्रमातून एकच गोष्ट आठवायची झाली तर मला डार्सीचा नियम आठवतो. आंरी डार्सी या फ्रेंच अभियंत्याने दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करताना वाळूच्या नळकांड्यातून पाणी सोडून पाहिले आणि १८५६ साली ते प्रसिद्ध केले. सच्छिद्र पदार्थातून द्रव किती वेगाने वाहील, ते दाबातला उतार आणि त्या पदार्थाची पारगम्यता यांवर ठरते. बस्स. याच नियमाने विहिरीत पाणी येते, तेलविहिरीत तेल येते आणि खाणीच्या खड्ड्याकडे आसपासच्या गावांचे पाणी ओढले जाते. आता कर्ब वायू जमिनीत कोंडण्याच्या योजना आहेत. आइसलँडमध्ये तो पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडला आणि दोन वर्षांच्या आत त्यातला बहुतेक भाग दगड होऊन बसला. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टकडेही त्यासाठी बोट दाखवले जाते. तिथेही हाच नियम. म्हणून आमच्या माहितीपत्रकातला 'आणि' विज्ञानाच्या बाजूने पाहिला तर खोटा नाही. तेल काढणाऱ्याचे गणित आणि विहीर वाचवणाऱ्याचे गणित एकच असते. ज्ञानाला बाजू नसते असे यावरून कुणी म्हणेल. मीही पुष्कळ वर्षे म्हणत होतो.

धनबादहून मी तेलाच्या क्षेत्रात गेलो. १९७४ साली 'सागर सम्राट'ने बॉम्बे हायला तेल शोधले, तेव्हापासून आमच्या व्यवसायातल्या मराठी मुलांना समुद्राकडे ओढ होती. सात वर्षे मी भूकंपलहरींच्या आलेखांवर रंगीत पेन्सिलींनी आणि नंतर संगणकावर थर ओढत बसलो. त्या सात वर्षांनी मला एक गोष्ट शिकवली, आणि ती प्रामाणिकपणाची होती, हे सांगायला मला आजही थोडे विचित्र वाटते. तेलाच्या कंपनीत कुणीही 'इथे तेल आहे' असे म्हणत नाही. तिथे तीन आकडे द्यावे लागतात, पी-९०, पी-५० आणि पी-१०. पहिला म्हणजे निदान इतके तरी असण्याची शक्यता नव्वद टक्के, दुसऱ्याची पन्नास, तिसऱ्याची दहा. शिवाय मुळात तिथे काही असण्याचीच शक्यता किती, तीही वेगळी सांगायची. कोळशासारखे इथे काही डोळ्यांना दिसत नाही. खडक तीन किलोमीटर खाली, त्यावर समुद्र. अन्वेषणाच्या बऱ्याचशा विहिरी कोरड्याच निघतात, आणि खोल समुद्रातली एक कोरडी विहीर शेकडो कोटी रुपये घेऊन जाते. त्यामुळे कुणी तरुण उत्साहाच्या भरात अरुंद आकडे घेऊन बैठकीत आला, तर ज्येष्ठ लोक त्याला सोलून काढत. "तुला हे कसं माहीत? हा प्रस्तरभंग तेल धरून ठेवतो की सोडून देतो, हे तुला कुणी सांगितलं?" एकदा मी उत्तरलो, "सर, अंदाज आहे." ते म्हणाले, "मग अंदाज म्हणून लिही. आणि तो किती पातळ आहे तेही लिही." अनिश्चितता लपवणे हा तिथे गुन्हा होता.

मुलीच्या जन्मानंतर घरापासून दूर राहणे नको झाले आणि मी एका पर्यावरण सल्लागार संस्थेत गेलो. मनात थोडा अभिमानही होता की आता आपण चांगल्या बाजूला आलो. काम खाणींच्या पर्यावरणीय आघात अहवालांचे. २००६ च्या अधिसूचनेनंतर या कामाला बरकत आली होती. या अहवालांची रीत ठरलेली आहे. खाणीचे क्षेत्र म्हणजे गाभा, त्याभोवती दहा किलोमीटरचा पट्टा. पावसाळा सोडून एका ऋतूचे, म्हणजे तीन महिन्यांचे, मोजमाप. हवा, पाणी, आवाज, माती, झाडे, माणसे. प्रत्येकाचे एक प्रकरण. माझे प्रकरण भूजलाचे.

छत्तीसगडमधल्या एका कोळसा खाणीचा प्रस्ताव होता. गावाचे नाव लिहीत नाही. खाणीच्या दक्षिणेला एक प्रस्तरभंग होता आणि त्याच्या पलीकडे वीस-बावीस घरांचा पाडा होता, तीन विहिरींचा. प्रस्तरभंग दोन तऱ्हेचे असतात. काहींच्या भेगेत चिकणमाती ठासून बसलेली असते, ते पाणी अडवतात. काहींमध्ये फुटलेला खडक असतो, ते पाणी पन्हाळीसारखे वाहून नेतात. हा कोणत्या जातीचा, ते वरून कळत नव्हते. तिथे बोअर घेऊन, पाणी उपसून, वर्षभर पातळ्या मोजल्या असत्या तर कळले असते. मी तसे लिहिले. वाक्य साधारण असे होते की दक्षिणेकडचा प्रस्तरभंग खाणीला पाड्याच्या विहिरींशी जोडत असण्याची शक्यता नाकारता येत नाही, तेव्हा एक संपूर्ण जलवर्ष चाचणी घ्यावी.

मसुदा गिऱ्हाइकाकडे गेला आणि परत आला. माझ्या वाक्याखाली लाल रेघ होती. फोनवर त्यांचा अधिकारी अगदी सभ्यपणे बोलला. "सर, 'शक्यता नाकारता येत नाही' म्हणजे काय? आहे की नाही?" मी म्हटले, "माहीत नाही." तो म्हणाला, "माहीत नसेल तर लिहिता कशाला?" आमच्या संस्थेच्या संचालकांनीही मला बसवून समजावले. वेळापत्रक होते, वर्षभर कोण थांबणार, आणि चाचणीचा खर्च करारात नव्हता. शिवाय सूत्रात समांग जलधर गृहीत धरून उत्तर काढले तर खाणीचा प्रभाव पाड्याच्या अलीकडेच संपत होता. ते उत्तर खोटे नव्हते, फक्त त्या सूत्राला प्रस्तरभंग ठाऊक नव्हता. वाक्य गेले. त्या जागी 'परिसरातील विहिरींवरील आघात नगण्य राहील' असे आले. खाली माझी सही आहे. कुणी बळजबरी केली नाही. नोकरी जाईल असेही कुणी म्हणाले नाही, हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे मित्रांना ही गोष्ट सांगताना मी एकदोनदा ती धमकी पदरची घातली होती.

जनसुनावणीला मी गेलो. शामियाना, प्लास्टिकच्या खुर्च्या, पोलीस, चहाच्या पिंपापाशी गर्दी. पडद्यावर माझा नकाशा होता, पन्नास हजारास एक या प्रमाणाचा. एक म्हातारा उठला. बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "बाबू, मेरा कुआँ इसमें कहाँ है?" मी त्याला दक्षिणेकडचा ठिपका दाखवला. त्या प्रमाणात विहीर काढायची तर अर्ध्या मिलिमीटरचीही भरत नाही. तो ठिपका विहिरीचा नव्हता, पाड्याच्या नावाचा होता. तो म्हणाला, "पानी रहेगा?" मी म्हणालो, "रिपोर्ट के अनुसार, रहेगा।" 'रिपोर्ट के अनुसार' या तीन शब्दांच्या मागे मी उभा होतो, आणि रिपोर्ट मीच लिहिला होता.

तीनचार वर्षांनी जुन्या सहकाऱ्याकडून कळले की त्या पाड्याच्या विहिरी आता मार्चमध्येच तळ दाखवतात, मे महिन्यात टँकर येतो. खाणीमुळे? सांगता येत नाही. त्या वर्षांत पाऊसही कमी झाला होता, आणि पलीकडच्या गावात बोअरही खूप झाल्या होत्या. मी तेव्हा सुचवलेली चाचणी झाली असती तर आधीच्या पातळ्या हाताशी असत्या आणि नंतर काही सिद्ध करता आले असते. म्हणजे खाण होण्यापूर्वी जी अनिश्चितता एका वाक्याच्याही लायकीची नव्हती, तीच खाण झाल्यावर सगळ्यांचे चिलखत झाली. माझेही झाली. अजूनही मी, "निश्चित सांगता येत नाही," असे म्हणतो तेव्हा ते खरेच असते, आणि म्हणताना मला लाज वाटते.

आता या दोन नोकऱ्या शेजारी ठेवून पाहतो तेव्हा मला जे दिसते ते कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हते. तेलाच्या कंपनीत माझा अंदाज चुकला तर भुर्दंड ज्याने अंदाज मागवला त्यालाच बसत होता. म्हणून त्याला माझे अज्ञान मोजून हवे होते, त्यासाठी तो पगार देत होता. अहवालाच्या धंद्यात अंदाज मागवणारा एक आणि चुकीचा धनी दुसराच. त्या दुसऱ्याला मी कोण हे ठाऊक नाही, त्याने मला नेमले नाही, माझे प्रकरण त्याला वाचता येत नाही. माणूस तोच, शिक्षण तेच, डार्सी तोच. समुद्राखालच्या तीन किलोमीटरविषयी मी 'पातळ अंदाज' म्हणत होतो आणि पायाखालच्या तीस मीटरविषयी 'नगण्य'. माझा प्रामाणिकपणा माझ्या स्वभावात आहे असे मी समजत होतो. तो बैठकीच्या रचनेत होता.

असे मी एकट्यानेच केलेले नाही, यात फारसा दिलासा नाही, पण विचाराला मदत होते. गंगेच्या त्रिभुज प्रदेशात जंतूंच्या पाण्यापासून लोकांना वाचवायला लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू चांगला होता, आणि जुलाबांपासून पुष्कळ जीव वाचलेही. पण त्या खोलीवरच्या गाळात आर्सेनिक होते. पश्चिम बंगालमध्ये ते १९८३ च्या सुमारास त्वचेच्या रोग्यांवरून लक्षात आले. १९९२ साली ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने बांगलादेशातल्या विहिरींच्या पाण्याचे पृथक्करण केले. अनेक मूलद्रव्ये तपासली, आर्सेनिक तपासले नाही. पुढे एका गावकऱ्याने इंग्लंडच्या न्यायालयात दावा लावला. २००६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. विहिरी खोदणारे, पाणी पुरवणारे ते नव्हते, पाणी पिणाऱ्याशी त्यांचे कायद्याला लागेल इतके जवळचे नाते नव्हते, असा एकूण आशय. कायदा म्हणून हे मला पटते. उद्या कुणीही न तपासलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी जबाबदार ठरला तर कुणी काही तपासणारच नाही. पण त्या शब्दापाशी मी थांबतो, जवळचे नाते. भूवैज्ञानिकाचे जवळचे नाते कुणाशी असते?

इटलीतल्या लाक्विलाचा खटला आमच्या मुलांना चुकीचाच ऐकून माहीत असतो. 'भूकंपाचे भाकीत केले नाही म्हणून शास्त्रज्ञांना तुरुंग.' २००९ सालच्या एप्रिलमध्ये तिथे भूकंप होऊन तीनशेहून अधिक माणसे गेली, आणि २०१२ साली सात तज्ज्ञांना शिक्षा सुनावली गेली, हे खरे. दोन वर्षांनी वरच्या न्यायालयात त्यांतले सहा सुटले. पण आरोप भाकीत न केल्याचा नव्हता. महिनोन्महिने बारीक धक्के बसत असताना, मोठ्या धक्क्याच्या आठवडाभर आधी लोकांना निर्धास्त केले गेले, हा आरोप होता. तिथल्या लोकांची रीत होती की धक्का बसला की रात्री बाहेर झोपायचे. तज्ज्ञांनी धीर दिला म्हणून काहीजण त्या रात्री घरात राहिले, असे नातेवाइकांचे म्हणणे. मी ते वाचले तेव्हा मला 'रिपोर्ट के अनुसार, रहेगा' आठवले. त्या म्हाताऱ्यानेही कदाचित दुसरी काही तजवीज केली असती.

आमच्या गावी विहीर खणायची तर दोन माणसे लागत. एक पाणाड्या, तो उंबराची काठी नाहीतर नारळ हातावर धरून जागा दाखवी, दक्षिणा घेई आणि पुढच्या गावाला जाई. दुसरा खणणारा. आमच्याकडे खणणारे तात्या होते. काळा पाषाण कुठे संपतो आणि मांजऱ्या कुठे लागतो, ते त्यांना पहारीच्या आवाजावरून कळे. तात्यांना मी एकदा विचारले, "पाणी लागलं नाही तर?" ते म्हणाले, "मग मी त्याच वाटंनं रोज रानात जाणार, आणि ती कोरडी हीर रोज मला बघणार." हा संवाद मी वर्गात सांगतो. मुले हसतात, कारण पाणाड्याची नक्कल मी बरी करतो. पण धनबादपासून आजवर आमचा सगळा व्यवसाय तात्यांकडून पाणाड्याकडे सरकत गेला आहे, असे मला वाटते. आमची काठी फार अचूक झाली, एवढेच. आम्ही पुढच्या गावाला जातो.

आमच्या विद्येत एक आणखी धोका आहे. ती काळाचे परिमाण बदलते. अठ्ठावीस कोटी वर्षे सहज बोलणाऱ्या माणसाला तीस वर्षांची खाण ही डोळ्याची पापणी वाटते. हवामानाविषयी बोलणे निघाले की माझेच काही समव्यवसायी म्हणतात, "पृथ्वीने याहून वाईट पाहिले आहे." पृथ्वीने पाहिले आहे, पाड्याने पाहिलेले नाही. जर्मन तत्त्वज्ञ हान्स योनास यांनी १९७९ सालच्या आपल्या ग्रंथात म्हटले की आजवरचे नीतिशास्त्र शेजाऱ्याचे आणि आजच्या दिवसाचे होते, आता आपल्या कृतींचा पल्ला लांबला म्हणून जबाबदारीचाही लांबला. मला ते मान्य आहे. पण माझा अनुभव उलट टोकाचाही आहे. लांबच्या पिढ्यांविषयी मी कळवळ्याने बोलू शकतो, व्याख्याने दिली आहेत. समोर उभा राहून आपली विहीर शोधणाऱ्या माणसाशी मात्र मला खरे बोलता आले नाही.

तर, बरोबर कोणती? इतके लिहिल्यावर कोळशाची नोकरी नको असे उत्तर यायला हवे होते. ते देता येत नाही. देशातली सत्तर टक्क्यांहून अधिक वीज आजही कोळशावर होते. हा लेख ज्या उजेडात लिहितो आहे तोही बहुधा त्यातलाच. ती मुलगी त्या दिवशी चहा संपवून उठताना म्हणाली होती, "सर, आमच्या घराच्या भिंतीला आगीमुळे भेग गेली, आणि त्याच कोळशाच्या पगारावर मी इथपर्यंत आले. मी कोणती बाजू घेऊ?" ती तक्रार करत नव्हती, माहिती देत होती. झरियात वाढलेल्या मुलीला नकाराचे नीतिशास्त्र शिकवायला मी कोण? नकार द्यायला आधी शिल्लक लागते, पैशाची आणि आत्मविश्वासाचीही. आणि माझी सही खाणीच्या कागदावर नव्हती, पर्यावरणाच्या कागदावर होती. हात कुठे स्वच्छ राहतील हे पाटीवरून ठरले असते तर प्रश्न सोपा होता.

मला आता वाटते की त्या दिवशी मी तिला दुसरा प्रश्न द्यायला हवा होता. दोन्हीकडे विचार, की तू चुकलीस तर कुणाचे नुकसान होईल, आणि तो माणूस तुला विचारायला येऊ शकेल का? दोन्हीकडे उत्तर 'नाही' असेल, आणि बहुधा असेलच, तर निदान ते माहीत असू दे. याने काय साधते, असे कुणी विचारील. फार नाही. माझ्या वेळी हा प्रश्न मला कुणी दिला असता तर मी ते वाक्य राखले असते का? सांगता येत नाही. पण 'नगण्य' हा शब्द टाइप करताना माझ्या बोटांना काही तरी झाले असते.

वर्गात मी एक बदल केला आहे. पूर्वी अखेरच्या सत्रात मी आघात अहवालाचे एक प्रकरण लिहायला देत असे. आता दोन प्रती मागतो. पहिली नेहमीची. दुसरीत प्रत्येक निष्कर्षाला तेलवाल्यांसारखे तीन आकडे द्यायचे आणि समासात लिहायचे की हा आकडा चुकला तर कुणाची विहीर. विहिरीच्या मालकाचे नाव, जाऊन, विचारून. विभागातल्या काहींना हे भावनिक वाटते. एकजण म्हणाले, "याने मुलांना नोकरी मिळणार नाही." मिळते. नोकरीवर गेल्यावर ती पहिलीच प्रत लिहितात, हेही मला कळत असते.

मुलीने कोळशाची नोकरी घेतली. तिची बदली गेल्या वर्षी छत्तीसगडला झाली, त्या पाड्यापासून सत्तरेक किलोमीटरवर. खाणीभोवतीच्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या आता तिच्याकडे असतात. वर्गात मी म्हाताऱ्याची गोष्ट नाव न घेता सांगितली होती, तिने जिल्ह्यावरून ताडले. एप्रिलमध्ये तिचा निरोप आला, "सर, मे महिन्यात मला दोन दिवस सुट्टी आहे. त्या तीन विहिरींचे अक्षांश-रेखांश असतील तर पाठवा. टेप माझ्याकडे आहे."

ते माझ्या जुन्या फील्ड डायरीत आहेत. विहिरींची खोली, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर, तारीख आणि वेळ, सगळे पेन्सिलीने लिहिलेले आहे. मालकांची नावे नाहीत, ती तेव्हा विचारली नव्हती. एक पातळी का होईना, खाणीच्या आधीची आहे. ती अहवालाच्या बाहेर आली तर 'सांगता येत नाही' म्हणणे मला आणि इतरही काहींना थोडे अवघड जाईल. डायरी काढून टेबलावर ठेवली आहे. आज मे महिन्याची चार तारीख आहे, आणि तिने काल पुन्हा विचारले.